मास्तरांनी अजून हो म्हटलेलं नाही

१४ ऑक्टोबर, दुपार

प्रिय टिल्ल्या,

तू लिहिलं होतंस, "ताई, जाऊन आईचा तो माणूस कसा आहे ते बघ आणि कळव." बघितला. अख्खी सकाळ एका होडीत त्याच्यासमोर बसून बघितला. आता कळवायला बसले आहे, तर काय कळवावं तेच कळत नाहीये.

आधी तुझी काळजी मिटवते. आईला यातलं काही माहीत नाही. चष्म्याच्या नव्या काचांचं प्रशिक्षण आहे, कंपनीने तीन दिवस बोलावलंय, असं सांगून निघाले. ती म्हणाली, "बॅग भरून देऊ का?" मी म्हटलं, "राहू दे गं, मी भरते." मग दारात उभी राहून म्हणाली, "नीट शीक हं." तुझ्या भावोजींना मात्र खरं सांगितलंय. ते म्हणाले, "तुम्ही दोघं भावंडं ठार वेडी आहात," आणि दुकानाच्या किल्ल्या माझ्या हातातून काढून घेतल्या.

बंदरावर त्याला सगळे मास्तर म्हणतात. शाळेत वगैरे कधी शिकवलेलं नाही. लोकांना खाडीत मासे पकडायला शिकवतो म्हणून मास्तर. धक्क्याच्या टोकाला पत्र्याची एक शेड आहे, तिथे काठ्या, रीळं, लाइफ जॅकेटं टांगलेली. माणूस बुटका, रुंद, आईच्याच वयाचा असेल. टोपी हनुवटीखाली दोरीने बांधलेली. नाकाला ऊन लागू नये म्हणून पांढरं मलम फासलेलं, त्यामुळे चेहरा नीट दिसतच नाही. शर्टाचं एक बटण चुकीच्या काजात, आणि त्यामुळे सकाळभर सगळा माणूसच तिरका वाटत होता. नखं मात्र स्वच्छ. तू म्हणाला होतास, असल्या माणसांची नजर बघ. नजर सतत पाण्यावर असते रे, माझ्याकडे बघतोय कुठे!

मी बँकेत आहे असं सांगितलं. ही थाप कुठून सुचली देव जाणे, कारण त्याने लगेच होडीच्या कर्जाबद्दल चार प्रश्न विचारले आणि मी "ते खातं वेगळं असतं" असं म्हणत सुटले.

पहिला तास धक्क्यावरच गेला. हातात काठी, काठीला रीळ, दोरीच्या टोकाला रबराचा बोटभर मासा. त्याचा गळ काढून ठेवला होता. म्हटलं, का? तर म्हणे, "आधी तुम्ही स्वतः अडकायचं बंद करा, मग मासा अडकवू." रीळाची तारेची कडी उघडायची, दोरी बोटावर धरायची, काठी मागे न्यायची आणि पुढे झोकताना नेमक्या क्षणी बोट सोडायचं. तो नेमका क्षण कुठला ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. पहिला रबरी मासा शेडच्या पत्र्यावर गेला. दुसरा माझ्याच पायाशी. तिसरा पाण्यात पडला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी त्याच्याकडे वळून बघितलं, आणि मग स्वतःचाच राग आला. मी काय शाबासकी घ्यायला आले होते का?

होडीत गेल्यावर त्याने डबा उघडला. नुसतं खेळण्यांचं दुकान! शेपटी हलवणारे रबरी मासे, तोंड वासलेले लाकडी मासे, चमच्यासारखे चकचकीत पत्रे. या सगळ्याला लूर म्हणतात. जिवंत आमिष अजिबात नाही, सगळा खोटा माल. मी सगळ्यात सुंदर होता तो निळा-सोनेरी उचलला. मास्तर म्हणाले, "तो माणसांना आवडतो," आणि एक मळकट तपकिरी माझ्या हातात ठेवला.

माझ्या दोरीचा गुंता झाला. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. हा माणूस शेजारी बसून चहा पीत होता. म्हटलं, "अहो, सोडवून द्या ना." तर म्हणे, "तुमचा गुंता आहे." मी लिहून ठेवलंय मनात: उद्धट. पण मग मी तो सोडवला, आणि त्याने काही न बोलता माझ्यासमोर कप धरला. हे आता कुठल्या रकान्यात घालू?

पुलाखाली मासे असणार म्हणून छातीठोकपणे घेऊन गेला. तिथे एकही नव्हता. मग वाऱ्याला दोष देत बसला, लहान मुलासारखा.

बाकी आपली आई पाण्यात घोट्याच्या वर कधी गेलेली मला आठवत नाही. ती या माणसाच्या होडीत बसते? हा तोच माणूस ना? पत्ता तर बरोबर आहे.

तुझी,
ताई

१५ ऑक्टोबर, संध्याकाळ

टिल्ल्या,

कालचं पत्र तुला मिळायच्या आधीच हे लिहिते आहे, कारण डोकं गरगरतंय आणि इथे लॉजमध्ये बोलायला कोणी नाही. मालकीणबाई आहेत, पण त्यांना फक्त गरम पाणी कधी येतं तेवढंच सांगता येतं.

आज खाडीच्या आत गेलो. ओहोटी लागली होती. चिखलाच्या काठाने झाडांची मुळं उघडी पडलेली, त्यांच्यावर कालवं चिकटलेली. मास्तर म्हणाले, पाणी उतरायला लागलं की बारकी मासळी आतून बाहेर वाहत येते, आणि मोठे मासे तोंडाशी वाट बघत थांबतात. आपला लूर त्या मासळीसारखा वाहत यायला हवा. "ओढा. थांबा. हलकेच झटका द्या. थांबा. थांबायला शिका, बाई. सगळे ओढतच सुटतात." मी ओढतच सुटत होते.

मी विचारलं, "एवढ्या खोट्या वस्तूला मासा फसतो कसा?" म्हणाले, "भुकेनेच चावतो असं नाही. कधी रागाने चावतो. कधी नुसतं, हे काय आहे बघू तरी, म्हणून. त्याला हात नाहीत ना. बघायचं तर तोंडानेच." मला हे आवडलं. आवडायला नको होतं.

आणि मग, मी काही न विचारता, त्यांनी विषय काढला. मी काठी चुकीची धरली होती, तर म्हणाले, "इथे एक बाई येतात, त्याही सुरुवातीला अशीच धरायच्या. आता माझ्यापेक्षा लांब फेकतात." मी दचकून काठीला झटका दिला. बरं झालं, त्यांना वाटलं मासा लागला.

आई ज्या मैत्रिणीकडे महिन्याआड दोन दिवस राहायला येते ना, ती रिटायर झालेली नर्स, तिच्या नातवाला होडीत बसायचं होतं म्हणून आई सोबत आली होती म्हणे, पहिल्यांदा. नातवाला होडी लागली. त्याला परत सोडलं, आणि ही बाई उतरलीच नाही. "म्हणाल्या, मी पैसे दिलेत, मी बसणार."

टिल्ल्या, तो ज्या बाईबद्दल सांगत होता ती मला माहीत नाही. ती होडीच्या नाकावर अनवाणी उभी राहते. मासा सुटला की शिव्या देते. कुठली शिवी ते मी विचारलं, तर मास्तर लाजले आणि सांगेनात. तिने एकदा लूर स्वतःच्या बाहीत अडकवून घेतला आणि हसता हसता खाली बसली. आपली आई! जी पाहुण्यांसमोर हसताना तोंडावर हात धरते! मला एकदा तर वाटलं, कोणी दुसरीच बाई असेल, आपण उगाच आलो. मग ते म्हणाले, "मासा सोडताना त्याला सॉरी म्हणतात." मग मात्र मला खात्री पटली. ती कुंडीतलं रोप उपटतानाही सॉरी म्हणते.

हो, सोडतात. मी विचारलंच की पकडून परत सोडायचा, तर पकडायचा कशाला? म्हणाले, खायचा असेल तर एखादा ठेवतो, बाकीचे जातात. हे मला अजून पटलेलं नाही.

आता खरी गोष्ट ऐक. बसून वाच.

म्हणाले, "बाई चांगल्या आहेत. गेल्या महिन्यात त्यांनीच मला विचारलं, लग्न करू या का?"

मी म्हटलं, "मग? तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? मी इंजिन सुरू केलं."

"म्हणजे हो म्हणालात की नाही?"

"नाही. म्हणजे, नाही असंही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही."

टिल्ल्या, आई तर जेवणाच्या टेबलावर सगळ्यांसमोर म्हणाली होती, "मी लग्न करतेय." तू व्हिडिओ कॉलवर होतास. तू स्क्रीन बंद केलीस ती केलीसच, आजपर्यंत तिचा फोन उचललेला नाहीस. आणि आपण दोघं गेले तीन आठवडे काय समजत होतो? कोणीतरी लबाड माणूस आपल्या साध्या आईला नादी लावतोय. आणि इथे तो माणूस इंजिन सुरू करतोय!

मला हसावं की रडावं कळेना. तिला फसवलं जातंय की तीच आपल्याला फसवतेय, की तिची स्वतःचीच काही समजूत झालीये? डोकं चालत नाही. उद्या शेवटचा दिवस. उद्या विचारते.

ताई

१६ ऑक्टोबर, दुपारी, लॉज सोडण्याआधी

टिल्ल्या,

सगळा घोळ करून ठेवला. अक्षर वाकडं आलंय ते बोटाला पट्टी आहे म्हणून.

सकाळी खाडीच्या तोंडाशी गेलो. मास्तर लूर बांधत होते. गाठ बांधताना हात एवढे लांब धरतात की बघवत नाही. मी सरळ विचारलं, "मग त्या बाईंना काय उत्तर देणार?"

"काही नाही. विसरतील आपोआप."

ऐक, मी कशासाठी आले होते ते मला आठवत होतं. हे ऐकून मी सुटकेचा श्वास टाकायला हवा होता. काम फत्ते, घरी चला. पण माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "का? काय कमी आहे त्यांच्यात?"

"कमी कसली? मासा कुठे आहे ते त्यांना माझ्याआधी कळतं."

"मग?"

ते सांगणार तेवढ्यात माझी काठी वाकली. वाकली म्हणजे कशी, टोक पाण्यात! रीळ किंचाळायला लागलं. मास्तर उभे राहून ओरडले, "काठी वर! वर! ओढू नका, जाऊ दे त्याला! दमला की येईल!" पाण्याखाली काहीतरी तांबूस एकदा वळलं, ताटाएवढं. माझ्या तोंडातून "आई गं" निघालं. आणि या माणसाने, जाळं हातात घेऊन, नेमकं तेव्हाच उरलेलं उत्तर द्यायला सुरुवात केली. त्यांना सवय आहे ना, लोकांच्या हाताला मासा असताना गप्पा मारायची.

"त्या माझ्याकडे येत नाहीयेत हो. कुठूनतरी निसटतायत. मुलीकडे राहतात, आणि मुलीचा विषय निघाला की गप्प होतात. घरात काहीतरी जाच असणार. तिथून निसटायचं आणि माझ्या घरात लपायचं, असं लग्न मला..."

"जाच?" मी ओरडले. "जाच? अहो, आम्ही तिला इकडची काडी तिकडे करू देत नाही!"

मास्तर जाळं धरून तसेच उभे. मी रागाच्या भरात काय केलं असेल? दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. दोरी रेशमासारखी दिसते, पण सुरीच असते. बोट कापलं, दोरी तुटली, मासा गेला. लूरसकट गेला. त्या बिचाऱ्याच्या ओठात आता तो तपकिरी मासा लटकत असेल, याचंही वाईट वाटतंय.

मास्तर बर्फाच्या पेटीवर खाली बसले. मग म्हणाले, "तुम्ही बँकेतल्या नाही."

"नाही. माझं चष्म्याचं दुकान आहे. आणि तुम्हाला जवळचा नंबर आहे, दोन तरी असेल, परवापासून बघतेय मी." हे मी का बोलले? त्या क्षणी तेवढंच एक मला ठाम माहीत होतं म्हणून असेल.

त्यांनी काठ्या गुंडाळायच्या पट्टीने माझं बोट बांधलं. बांधताना खाली बघत विचारलं, "त्यांनी घरी सांगितलं? लग्नाचं?"

"जेवताना. सगळ्यांसमोर."

"सगळ्यांसमोर," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघत होते मी, पण तुला शपथेवर सांगते, तो आनंद होता की भीती, मला सांगता येणार नाही. नाकावर ते पांढरं मलम. मग त्यांनी इंजिन सुरू केलं. या माणसाला कठीण प्रसंगी दुसरं काही सुचत नाही असं दिसतंय.

धक्क्यावर उतरताना म्हणाले, "आईंना सांगू नका, मी असं म्हटलं ते."

"कसं?"

"ते... काहीच म्हटलं नाही ते."

मी आले होते हे लग्न मोडायला, आणि परतीच्या वाटेवर मी त्या माणसावर चिडले आहे की तो हो का म्हणत नाही. हे काय आहे, मला सांग. तू इंजिनीअर आहेस.

ताई

२१ ऑक्टोबर, दुकानातून

टिल्ल्या,

तुझा एका ओळीचा मेसेज मिळाला. "मग प्रश्नच मिटला." मिटला नाही रे. वाच.

घरी पोचले त्या संध्याकाळी आईने मला नाकापासून बघायला सुरुवात केली. नाक भाजून लाल झालेलं. मी म्हटलं, प्रशिक्षणाच्या हॉलला मोठ्या काचा होत्या. तिने काही म्हटलं नाही. माझा हात हातात घेतला, पट्टी सोडली, चिरेकडे बघितलं आणि म्हणाली, "ताणलेली लाइन हाताला गुंडाळायची नसते. पहिल्याच दिवशी सांगतात ते."

मान वर करायची हिंमत होईना.

"किती पकडलेस?"

"एकही नाही. एक सुटला."

"कुठे?"

"खाडीच्या तोंडाशी."

"ओहोटीला?"

"हो."

"ओहोटीला तिथून रिकाम्या हाताने आलीस?" असं म्हणाली आणि हसली. तोंडावर हात न धरता. तुझे भावोजी आतल्या खोलीतून बघायला आले की कोण आलंय.

रागावेल असं वाटलं होतं. रागावली नाही, निदान माझ्यावर. तुझं नाव घेऊन मात्र म्हणाली, "त्याने पाठवलं असेल. स्वतः यायचं नाही, बहिणीला पुढे करायचं. लहानपणी पण असाच होता." हे मी कमी-जास्त न करता लिहिते आहे.

मग मी सांगून टाकलं. मास्तरांनी नको सांगू म्हटलं होतं, पण मला खोटं बोलायचा आता कंटाळा आला होता. म्हटलं, "आई, त्याने अजून हो म्हटलेलं नाही."

"माहीत आहे मला. मीच तर विचारलं होतं."

"मग आम्हाला कशाला सांगितलंस, लग्न करतेय म्हणून?"

"करतेय म्हटलं. ठरलंय असं म्हटलं का मी? माझ्याकडून मी करतेय. त्याचं तो बघेल."

व्याकरणात तर चूक नव्हती.

मग तो जाचाचा भाग सांगितला. म्हटलं, "तुला इथे काय त्रास आहे, आई? आम्ही तुला काही करू देत नाही, कोणी उलट बोलत नाही, नातवंडं जीव टाकतात." ती बराच वेळ टेबलावरची पाण्याची ओली कडा बोटाने पुसत बसली. मग म्हणाली, "तेच ना. मी कपाला हात लावला की तू म्हणतेस, राहू दे आई. बाजारात जाते म्हटलं, राहू दे. बॅग भरते म्हटलं, राहू दे. तिथे माझ्या दोरीचा गुंता झाला, तर तो माणूस अर्धा तास समोर बसून चहा पीत होता. एकदासुद्धा राहू दे म्हणाला नाही. मला इतका राग आला होता त्याचा. घरी आल्यावर कळलं की मला बरं वाटतंय."

टिल्ल्या, मी ते प्रेमाने म्हणायचे रे. अजूनही प्रेमानेच म्हणते. कालच तिने पंख्याचं बटण दाबायला हात उचलला आणि माझ्या तोंडातून निघालंच, "राहू..." आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो.

मी बाबांचं नाव काढलं. तू विचारशील म्हणून काढलं. ती म्हणाली, "तुझ्या बाबांबरोबर मी सुखात होते. त्याचा यात काही संबंध नाही." आवाज चढवला नाही, पण पुन्हा विचारायची सोय ठेवली नाही.

आणि आता शेवटचं. निसटून येते असं तो म्हणाला, हे ऐकून ती दुखावली. मग आज सकाळी, मी दुकानात निघताना, चपला घालता घालता मला थांबवून म्हणाली, "थोडं खरं आहे त्याचं. म्हणून आधी खोली घेते. मैत्रिणीच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर रिकामी आहे. माझी मी राहीन. कोणाच्या घरात लपायला नको. मग त्याला काय म्हणायचं ते म्हणू दे."

"आणि तो नाहीच म्हणाला तर?"

"तर शेजारी राहीन आणि त्याच्यापेक्षा मोठे मासे धरीन."

मग प्रश्न कुठे मिटला? लग्न होणार की नाही हे कोणालाच माहीत नाही, आणि आई तर निघाली. मी तिला थांबवायला हवं का? तुझे भावोजी म्हणतात, "ती तुझी आई आहे, तुझी मुलगी नाही." हे मला तेव्हा पटतं आणि दुपारी दुकानात कोणी नसलं की पटत नाही. काल एका गिऱ्हाइकाला दुसऱ्याचाच चष्मा देऊन बसले. तोही बिचारा घालून म्हणाला, "स्पष्ट दिसतंय."

तू एक फोन कर तिला. मला नको, तिला.

ताई

१७ नोव्हेंबर, बंदरावरून

टिल्ल्या,

आईला सोडायला आले होते, दोन दिवस राहिले, आज निघते. खोली लहान आहे, पण खिडकीतून धक्का दिसतो. गॅसची शेगडी नीट पेटत नव्हती. मी हात पुढे केला आणि परत मागे घेतला. तिने काड्यांची अर्धी पेटी संपवली, पण पेटवली.

तुझा फोन आला होता ते तिने सांगितलं. काय बोललात ते नाही सांगितलं. मी विचारलंही नाही. म्हणजे, एकदा विचारलं.

परवा सामान उतरवायला मास्तर आले होते. त्यांना कोणी बोलावलं नव्हतं. कपाटाचं एक टोक त्यांनी धरलं, दुसरं मी, आणि जिन्याच्या वळणावर ते उलटे फिरले, त्यामुळे कपाट आणि आम्ही दोघं तिथेच अडकून बसलो. आई वरून म्हणाली, "मास्तर, तुम्ही खाली व्हा, तिला वर येऊ द्या." ते "हो हो" म्हणत खाली झाले. एवढंच बोलणं. मला वाटलं, झालं, हे असंच चालणार. हा माणूस जन्मभर कपाटं उचलत राहणार आणि मूळ मुद्द्यावर येणार नाही.

आज सकाळी आम्ही तिघं खाडीत गेलो. आईने पँट घातली होती, घोट्याच्या वर दुमडलेली. मी तिला पँटमध्ये कधीच बघितलं नव्हतं. चपला होडीत टाकल्या आणि पुढे नाकावर जाऊन उभी राहिली. होडी डुलत होती, मी बसल्या जागी कडेला धरून होते, आणि ती उभी. काठी मागे नेली, झोकली. दोरी हवेत एवढी लांब गेली की मला टोक दिसेना. मग ओढ, थांब, हलकासा झटका, थांब. थांबता येतं तिला. मी तिची पाठ बघत होते. ही बाई माझ्या घरात इतकी वर्षं होती आणि मी तिला खुर्चीत बसवून ठेवलं होतं. की हीच आई तेव्हाही होती आणि मला दिसली नाही, की ही इथे येऊन झाली? मला नाही सांगता येणार.

मास्तर इंजिनापाशी उभे होते. मी त्यांना चष्मा करून आणला होता, जवळचा, तो नाकावर होता, त्यामुळे ते एखाद्या कारकुनासारखे दिसत होते. त्यांनी घसा साफ केला. मग पुन्हा केला. मला वाटलं आता इंजिन सुरू करणार.

"अहो," ते म्हणाले. "ऐकता का जरा."

आईने मागे बघितलं नाही. लूर पाण्यात होता.

"ते तुम्ही विचारलं होतं ना मागे. मी विचार केला त्याच्यावर. खोली घेतलीत ते बरं केलंत, म्हणजे... माझं हो आहे."

आणि नेमकी तेव्हाच तिची काठी वाकली. रीळ ओरडायला लागलं. आई गुडघ्यात वाकली, काठी वर धरली, आणि मान न वळवता ओरडली, "थांब रे! मध्येच काय! आधी जाळं आण!"

टिल्ल्या, बाबांना ती जन्मभर अहो म्हणाली. रागावली तरी अहो, हॉस्पिटलमध्ये शेवटच्या दिवशी सुद्धा अहो. "थांब रे" तिने कुठल्या पुरुषाला म्हटलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं. मास्तर धडपडत जाळं घेऊन पुढे गेले, माझ्या पायावरून गेले, आणि तो एवढा रुंद माणूस तिच्या शेजारी वाकून उभा राहिला. दोघं मिळून मासा वर घेत होते आणि एकमेकांवर खेकसत होते. "डावीकडून!" "अरे तुझं डावं की माझं?" मासा तांबूस होता, जाड ओठांचा, तिच्या कोपरापासून बोटांपर्यंत भरेल एवढा. तिने गळ काढला, त्याला पाण्यात धरून ठेवलं, त्याच्या अंगात जीव येईपर्यंत. सॉरी म्हणाली. मग तो गेला.

तिने हात पाण्यात धुतले, पँटला पुसले आणि वळली. चेहरा लाल, केस तोंडावर.

"काय म्हणत होतास?"

तिने पहिल्यांदा ऐकलं होतं की नाही, मला खरंच माहीत नाही. मास्तरांनी चष्मा काढला, परत घातला. बिचाऱ्याला पुन्हा पहिल्यापासून सगळं म्हणावं लागणार होतं, आणि तेही माझ्यासमोर. मी तोंड दुसरीकडे फिरवलं, काठी मागे नेली आणि जमेल तेवढा लांब लूर फेकला. दोरीवरचं बोट कधी सुटलं ते कळलंसुद्धा नाही.

तुझी,
ताई